‘कॉलेज कधी सुरू होतं?’

मार्च 2023 मध्ये बारावी कॉमर्सचा शेवटचा पेपर दिला, तेव्हा माझ्याकडे वेळ भरपूर होता आणि पैसे नव्हते. निकाल मेअखेर लागणार, एफवायचे, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाचे, प्रवेश जूनमध्ये, वर्ग जुलैत. घरात अडचण होती असं नाही. बाबा एका कारखान्यात स्टोअरकीपर आहेत, आई घरी ब्लाउज शिवते. पण सेकंडहँड लॅपटॉपचा विषय काढला की बाबा "दिवाळीला बघू" म्हणायचे, आणि कुठल्या दिवाळीला ते सांगायचे नाहीत. म्हणून ठरवलं, नोकरी शोधायची.

पहिली पायरी म्हणजे बायोडेटा. पुण्यात आमच्या धायरी फाट्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार नमुना होता, त्यात नाव आणि टक्के भरले की काम झालं. वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ म्हणून चार ओळींचं इंग्रजी, जे मलाच दोनदा वाचावं लागलं. खाली दहावीचे टक्के, एमएससीआयटी, छंद म्हणून वाचन आणि संगीत ऐकणे. मधे ‘अनुभव’ या रकान्यात झेरॉक्सवाल्याने विचारलं, "काय टाकू?" मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "मग ‘फ्रेशर’ टाकतो, चांगलं दिसतं." पाच प्रती काढल्या.

त्या घेऊन आधी मॉलमध्ये गेले. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवरच्या ताईंनी नीट बोलून घेतलं. फ्रेशर चालतात, उंची-बिंची काही अट नाही, बारा तासांत एक तास जेवणाची सुट्टी. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस थांबणार?" मी खरं सांगितलं, जूनअखेरपर्यंत. त्यांनी बायोडेटा परत दिला. "अगं, पंधरा दिवस तर शिकवण्यातच जातात. किमान सहा महिने थांबणारी मुलगी लागते आम्हाला." बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, सांगायचंच कशाला, लागायचं आणि जुलैत सोडायचं. हा सल्ला मला पुढे आणखी दोघातिघांनी दिला. पण अशा बऱ्याच ठिकाणी सुरुवातीच्या पंधरा दिवसांचा पगार अडकवून ठेवतात, मधेच सोडलं तर तो गेला. खोटं बोलून पंधरा दिवस फुकट राबायचं, हा हिशोब मला काही जमला नाही.

‘घरबसल्या डेटा एंट्री’वाल्यांशीही बोलले. नोंदणीचे 1,500 रुपये आधी भरायचे, मग ते फाइल पाठवणार, आपण टाइप करायचं. मैत्रिणीच्या भावाने असेच पैसे भरले होते. काम पाठवल्यावर त्याला सांगितलं की चुका जास्त आहेत, करार मोडलात, आता वकिलाची नोटीस येईल. घाबरून त्याने आणखी पैसे दिले. मी फोनवरच्या माणसाला म्हटलं, "माझ्या पहिल्या पगारातून कापून घ्या ना." फोन कट. नोकरी देणारा माणूस आपल्याकडे पैसे मागत असेल तर पुढे काही विचारायचं उरत नाही.

एका खासगी क्लासमध्ये मात्र जवळजवळ लागलेच होते. काम फोन करण्याचं. दहावी दिलेल्या मुलांच्या पालकांना फोन लावायचा आणि अकरावीच्या बॅचबद्दल सांगायचं. पगार नाही, प्रवेश झाला तर माणशी काही रक्कम. सरांनी नंबरांची छापील यादी हातात दिली. त्यात माझ्याच शाळेतल्या दहावीच्या मुलांची नावं होती, पालकांच्या मोबाइल नंबरांसकट, वर्गशिक्षिकेच्या हजेरीपटासारखी ओळीने. यादी कुठून आली हे मी विचारलं नाही आणि दुसऱ्या दिवशी गेलेही नाही. सरकारच्या महास्वयम् पोर्टलवर आधार नंबर टाकून नाव नोंदवलं, तिथे फिटर, वेल्डर, नर्स हवे होते. डिलिव्हरीच्या कामाला गाडी आणि लायसन्स लागतं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

एप्रिल असा चालला होता. एका रविवारी आत्या आली होती, ती मंडईजवळ राहते. माझी सगळी रडकथा ऐकून घेतली आणि म्हणाली, "तू कुठेही काय विचारतेस? उन्हाळ्यात माणसं कमी कुणाला पडतात ते बघ, तिथे जा."

मग आम्ही तिघींनी, आई, आत्या आणि मी, बसून आठवलं. अक्षय्य तृतीया त्या वर्षी 22 एप्रिलला होती, तेव्हापासून आंब्याच्या स्टॉलला माणसं लागतात. पण पेट्या उचलाव्या लागतात, आणि बहुतेक आंबेवाले गावाकडची आपलीच मुलं आणतात. लग्नाच्या केटररकडे वाढपी लागतात. रोख पैसे मिळतात, पण घरी यायला रात्रीचा एक वाजतो, त्यावर आईने तिथल्या तिथे फुली मारली. छंदवर्गांना ताई लागते, पण तिला चित्रकला किंवा नाच यायला हवा. मला दोन्ही येत नाही. गणवेशाची दुकानं. आणि अप्पा बळवंत चौक.

तिथे दर जूनला मी बाबांबरोबर पुस्तकं घ्यायला जायचे. पुण्याबाहेरच्यांना सांगायचं तर, शनिवारवाड्याकडून बाजीराव रस्त्याने आलं की लागणारा हा चौक म्हणजे शालेय आणि कॉलेजच्या पुस्तकांची पेठच आहे. नाव पेशवाईतले सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्यावरून पडलं. आता तिथे ‘एबीसी’ म्हटल्याशिवाय रिक्षावाल्याला कळत नाही.

गेले तेव्हा एप्रिलचा तिसरा आठवडा होता. आत्याने बजावलं होतं, सकाळी अकराच्या आत जा. तेव्हा दुकानदार उदबत्ती लावून बसलेला असतो, तेव्हाच बोलतो. संध्याकाळी गेलीस तर तू त्याला गिऱ्हाईक वाटणार किंवा अडथळा. हे शंभर टक्के खरं निघालं. दोन दुकानांत "मेमध्ये ये, तेव्हा बघू" म्हणाले. एका ठिकाणी नेहमीची मुलं ठरलेली होती, गावाहून येतात, दर वर्षी तीच. चौथं दुकान बोळासारखं, रुंदीला कमी आणि आत खोलच खोल. बाहेर पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलं होतं, ‘सीझनसाठी मुले-मुली पाहिजेत’.

गल्ल्यावर साठीचे गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणत, पुढे मीही म्हणू लागले. बायोडेटा दिला. त्यांनी तो उलटा केला, कोऱ्या बाजूला पेन टेकवलं आणि म्हणाले, "48 ची वही, दीड डझन, दहा टक्के कमी. किती झाले?"

मी तोंडी केलं. आठशे चौसष्ट, त्यातून शहाऐंशी चाळीस वजा. "सातशे सत्त्याहत्तर साठ."

"कुठे शिकलीस तोंडी?"

"आई शिवणाची बिलं मला करायला लावते."

"बरं. सहावी सेमीचा सेट सांग."

हा प्रश्न मला सोपा गेला, कारण मी स्वतः सेमीत शिकले. मराठी बालभारती, हिंदी सुलभभारती, इंग्रजी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल मराठीतून. काकांनी मान हलवली. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो मॉलमधल्या ताईंनी वेगळ्या तऱ्हेने विचारला होता. "कॉलेज कधी सुरू होतं?"

या वेळी मी तारखा तयार ठेवल्या होत्या. निकाल मेअखेर, वर्ग जुलैत. 30 जूनपर्यंत रोज येईन, मधे प्रवेशाच्या कामाला दोन-तीन दिवस लागतील, ते आधी सांगेन. काकांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. नंतर कळलं ते का. त्यांच्याकडे उन्हाळ्यात येणारी बरीच मुलं एफवाय-एसवाय झालेली असतात, त्यांचं पुढचं वर्ष जूनमध्येच सुरू होतं. ती मेमध्ये कामाला लागतात, मेमध्ये गर्दी कमी असते, पंख्याखाली बसून शिकतात आणि 10 जूनला म्हणतात, काका, उद्यापासून नाही जमणार. म्हणजे नेमकं जेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा. शाळा 15 जूनला उघडणार होत्या. मॉलमध्ये माझी जी अडचण ठरली, की ही जूनअखेर जाणार, तीच इथे लायकी ठरली, की ही जूनअखेरपर्यंत राहणार. बायोडेटात हे कुठे लिहायची सोयच नव्हती.

दिवसाला 350 रुपये, सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ, दुपारी जेवायला पाऊण तास, चहा दोनदा दुकानाचा. सुट्टी पाळीने. जूनचे पहिले तीन आठवडे सुट्टी नाही, त्या रविवारचे पैसे जास्त. रोजचा दर वाढवाल का, असं मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "आधी सीझन काढ." मुलींनी साडेआठला निघायचं हा त्यांचा नियमच होता. राज्याच्या 2017 च्या दुकाने कायद्यात बायकांच्या कामाची वेळ रात्री साडेनऊपर्यंत आहे, त्यापुढे त्यांची संमती लागते. हे मला वाणिज्य शाखेत कुणी शिकवलं नव्हतं, दुकानातल्या जुन्या ताईंनी सांगितलं. कागदावर काहीच लिहून मिळालं नाही. मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं: दर, वेळ, सुट्टी, कोणासमोर ठरलं. रोज संध्याकाळी हजेरी त्याच वहीत लिहीत गेले. याचा पुढे उपयोग झाला, तो सांगते.

2 मेपासून रोज सिंहगड रस्त्यावरून बस, मंडईला उतरायचं आणि चालत चौकात. जाताना शिवाजी रस्ता, येताना बाजीराव रस्ता, दोन्ही एकेरी. त्यामुळे परतीची बस मात्र चौकातूनच मिळायची, तेवढं एक सुख.

पहिला आठवडा माळ्यावर गेला. मामा नावाने सगळे ज्यांना हाक मारत त्या जुन्या माणसाच्या हाताखाली. गठ्ठे फोडायचे, मोजायचे, इयत्तेप्रमाणे लावायचे, सुतळी फेकून न देता गुंडाळून ठेवायची. वह्यांमध्ये एवढ्या जाती असतात हे मला अठरा वर्षांत कळलं नव्हतं. एकरेघी, दुरेघी, चौरेघी, चौकटीची लहान, चौकटीची मोठी, फुलस्केप, लाँग बुक, एका बाजूला कोरी असलेली प्रयोगवही; त्यात 100 पानी आणि 200 पानी. पालक काउंटरवर येऊन "साधी वही द्या" म्हणतात. साधी वही नावाचा प्रकार अस्तित्वात नाही. मग विचारायचं, मूल कितवीत, कोणत्या विषयाला. तेवढ्यावरून ताई न बघता मागे हात घालून वही काढायच्या. मला ते जमायला मे संपावा लागला.

दहावीची पुस्तकं हा वेगळाच घोळ. हिंदी पूर्ण घेतलंय की संयुक्त? पूर्ण असेल तर लोकभारती, संयुक्त असेल तर लोकवाणी. संस्कृतचंही तसंच, पूर्ण आणि संयुक्त यांची पुस्तकं वेगळी. बापाला हे ठाऊक नसतं, तो शाळेसमोर उभ्या मुलाला फोन लावतो, मूल मित्राला विचारतं, आणि मागे वीस माणसं खोळंबतात. मी एक युक्ती काढली. रांगेत उभ्या असलेल्यांनाच आधी जाऊन विचारायचं, आणि चिठ्ठीवर ‘पू’ किंवा ‘सं’ लिहून द्यायचं. काकांनी काही कौतुक केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी आणखी एका मुलाला चिठ्ठ्या घेऊन रांगेत पाठवलं.

त्या वर्षी आणखी एक भानगड होती. सरकारने दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घालायचं आणि पुस्तकाचे चार भाग करायचं ठरवलं होतं. उद्देश दप्तर हलकं करण्याचा. झालं असं की निम्मे पालक येऊन विचारायचे, "मग आता वह्या घ्यायच्या की नाही?" ज्यांच्या मुलांना शाळेतून फुकट पुस्तकं मिळणार होती तेही वह्यांसाठी येत, तेही हेच विचारत. काकांनी मेच्या सुरुवातीला वह्यांचा माल भरून ठेवला होता, त्यामुळे त्यांना या प्रश्नाचा मनापासून राग यायचा. आम्हाला सांगून ठेवलं होतं, "बाई काय सांगतील तसं करा, असं म्हणायचं." शाळा सुरू झाल्यावर बायांनी वह्या सांगितल्याच, आणि माल गेला.

मग 19 मेला रात्री बातमी आली, दोन हजारांच्या नोटा चलनातून काढणार. बदलून घ्यायला 30 सप्टेंबरपर्यंत मुदत, बँकेत एका वेळी वीस हजारांपर्यंत. दुसऱ्या दिवशी शनिवार. दुकान उघडल्या उघडल्या एका गृहस्थांनी तीनशे-चारशेच्या बिलाला गुलाबी नोट पुढे केली. त्यांच्यामागे आणखी एक. बारा वाजेपर्यंत गल्ल्यात गुलाबी नोटा आणि शंभराची एक नाही. काकांनी पुठ्ठ्यावर लिहून लावलं, ‘1,500 च्या वर खरेदी असेल तरच 2,000 ची नोट’. लोकांनी मग वह्या वाढवून घेतल्या. एका आजोबांनी नातवासाठी कंपास पेट्या दोन घेतल्या, केवळ बिल दीड हजारावर जावं म्हणून. त्या आठवड्यात मला गल्ल्याशेजारी बसवलं, नोटा मोजायला आणि बिलं फाडायला. तिथे पहिल्यांदा अकाउंट्सचं पुस्तक जिवंत दिसलं: छापील पुस्तकावर जीएसटी नाही, वहीवर तेव्हा 12 टक्के, त्यामुळे एकाच गिऱ्हाइकाची खरेदी बिलात दोन जागी जायची. बारावीला हेच मी पाठ केलं होतं.

25 मेला दुपारी दोनला निकाल लागला. दुकानातच मोबाइलवर पाहिला. बरे टक्के पडले, फार नाही. ताईंनी पेढे आणले. पाच मिनिटांत पुन्हा काउंटरवर.

खरा सीझन जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याच्या आधी मला वाटायचं की मेमध्ये दमलो ते दमलो. 15 जूनला शाळा, आणि त्या वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या 12 जूनला पुण्यात आल्या. 12 आणि 13 मुक्काम, 14 ला पहाटे पंढरपूरकडे. म्हणजे शाळा उघडायच्या आधीचे नेमके तीन दिवस पेठांतले रस्ते बंद. हे सगळ्या पुण्याला माहीत होतं, त्यामुळे सगळं पुणे 11 तारखेच्या रविवारी पुस्तकं घ्यायला आलं. त्या दिवशी शटर अर्धं खाली ओढून दहा-दहा माणसं आत सोडत होतो. पुण्यातलं दुकान एक ते चार बंद असतं म्हणणाऱ्यांनी तो रविवार बघायला हवा होता. जेवण चार वाजता, उभ्याने. मामांनी माळ्यावरून टाकलेला गठ्ठा झेलताना माझ्या बोटाचं नख गेलं, पण सांगायला वेळ नव्हता. ताई एका हाताने यादी धरून दुसऱ्या हाताने सेट काढत होत्या, तोंडाने तिसऱ्याच माणसाला उत्तर देत होत्या. गाईड संपली. ब्राऊन पेपरचे रोल संपले. नावाची लेबलं संपली, ती शेजारच्या दुकानातून उसनी आणली. त्यांचे कव्हरचे रोल संपले, ते आम्ही दिले. एरवी हे दोन मालक एकमेकांशी बोलत नाहीत.

12 ला बस स्वारगेटपर्यंतच. तिथून चालत निघाले, लक्ष्मी रस्त्याशी येऊन थांबले, कारण पलीकडे जायला वाटच नव्हती. वारकऱ्यांच्या दिंड्या चालल्या होत्या. काकांना फोन केला तर म्हणाले, "मग काय घाई आहे? दर्शन घेऊन ये. गिऱ्हाईक तरी कुठून येणारे?" दुपारी दुकानात पोचले तर खरंच शांत. सगळे मिळून रविवारचा पसारा आवरत होते.

शाळा उघडल्यावर गर्दी ओसरेल हा माझा समज होता. उलट वाढली, कारण आता बायांनी दिलेल्या याद्या घेऊन लोक आले. अमुक कंपनीचीच वही, तमुक रंगाचंच कव्हर, आणि आधी घेतलेलं बदलून द्या. बदलून देण्याचं काम माझ्याकडे दिलं, कारण मला राग उशिरा येतो असं ताईंचं मत पडलं. 22-23 तारखेपर्यंत हे चाललं. काका ज्यासाठी तारखा विचारत होते ते हे दिवस. माझ्याबरोबर मेमध्ये लागलेल्यांपैकी दोघं तोवर गेले होते. प्रवेशासाठी मी दोन दिवस मागितले, ते आधी सांगून ठेवल्यामुळे एका शब्दाने कुणी काही बोललं नाही.

30 जूनला हिशोब. काकांच्या मुलाने, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, डायरी काढली आणि रक्कम सांगितली. माझ्या वहीप्रमाणे दोन रविवारचे जास्तीचे पैसे त्यात नव्हते. मी वही पुढे केली. दादांनी दोन्ही ताडून पाहिलं, काकांकडे पाहिलं, काका म्हणाले, "तिचं बरोबर असणार, दे." सगळे मिळून साडेअठरा हजारांच्या आसपास झाले. मेचा पगार आईकडे दिला होता, जूनचा आणि तो मिळून लॅपटॉप आला, जुनाच, बाबांनी वर तीन हजार घातले.

मला अनुभवाचं पत्र हवं होतं. काका म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." मी रात्री बसून छान मजकूर केला: सदर विद्यार्थिनी अत्यंत कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू आहे, वगैरे. दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं. काकांनी चष्मा लावून वाचलं, आणि पेनने ती ओळ सरळ खोडली.

"ही विशेषणं सगळेच लिहितात. तारखा लिही. काय काम केलंस ते लिही. आणि सीझन पूर्ण केला असं लिही."

नव्याने लिहून नेलं, त्यांनी लेटरहेडवर टाइप करून घेतलं, सही-शिक्का केला. पाकिटात घालताना म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीच्या तारखा कळल्या की फोन कर. दिवाळीला भेटकार्डं, डायऱ्या, कॅलेंडरं सुरू होतात. माणसं कमीच पडतात."